व्याह्यांची वसुली

कळंबला माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. थकलेलं बिल वसुलीवाल्याकडं कधी द्यायचं, याचा माझा नियम ठरलेला: गिऱ्हाइकाला तीनदा आपण तोंडानं मागायचं, तरी न्हाय आलं तर माणूस धाडायचा. आलेल्यातलं निम्मं त्याचं.

व्याह्यांच्या बाबतीत या नियमाचं घोडं पहिल्याच पायरीवर अडलं. जळकोटला त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मंडप माझाच होता. बिल मागायला मी तीनदा गेलोही.

"काढला का विषय?" बायको विचारायची.

"काढला की."

"कशाचा?"

"पावसाचा."

लेक ज्या घरात नांदते, तिथं पैसे मागायला जीभ रेटत न्हाय. उद्या कुणी तिलाच टोमणा मारला तर?

मग एकदा सगळ्या थकलेल्या बिलांचा गठ्ठा मी वसुलीवाल्याला देऊन टाकला अन् मोठं काम उरकल्यासारखा चहा घेऊन बसलो.

"अवो, त्यात व्याह्यांचं पण व्हतं की," बायको म्हणाली.

वसुलीवाल्याला फोन लावला. तो गाडीवर, उचलेना. लेकीला लावला. तीही उचलेना. त्या दुपारी मी तुळजाभवानीला बरंच काही कबूल करून बसलो.

दिवेलागणीला लेकीचाच फोन आला.

"बाबा, दारात तुमचा तो मिशीवाला वसुलीवाला बघितला अन् त्याच्या हातातलं तुमचं बिल वळखलं. त्यानं तोंड उघडायच्या आत सासऱ्यांना सांगितलं, माझ्या माहेरचं माणूस हाय, बाबांनी ख्यालीखुशाली विचाराया धाडलंय."

"मग?"

"मग काय, धपाटे करून वाढले. सासरे लई खूश. म्हणले, व्याह्यांना किती काळजी!"

"अन् तो काय बोलला?"

"ठेचा मागितला. दोनदा."

थोड्या वेळानं वसुलीवाला आला. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर कोरा टॉवेल. सुनेच्या माहेरचं माणूस म्हणून व्याह्यांनी आहेर केला होता.

"पैसे?" मी विचारलं.

"मालक, आहेर घेतल्यावर कोणत्या तोंडानं मागू? उलट तेच म्हणले, येत जावा अधूनमधून."

"म्हणजे वसूल काहीच न्हाय?"

त्यानं जरा विचार केला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून नीट घडी घातली अन् माझ्या हातात दिला. टोपीला हात लावला न्हाय.

"ठरल्यापरमाणं निम्मं," तो म्हणाला.