माझ्या ताऱ्याचं बारसं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नको, राहू द्या. तुमच्याने ते व्हायचं नाही.

मी पल्सारवर पीएचडी करतो. कित्येक वर्षं करतोच आहे! धायरीच्या आमच्या सोसायटीतले कुलकर्णीकाका लिफ्टपाशी रोज विचारतात, "काय रे, अजून शिकणं चालूच का?" मला त्यांचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं.

पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा तारा. प्रत्येक फेरीला त्याची एक टिक आपल्याकडे पोचते, घड्याळासारखी. ती टिक कधी लवकर, कधी उशिरा येऊ लागली, तर समजायचं की शेजारी जोडीदार तारा आहे आणि तो याला ओढतोय.

आणि एका सकाळी माझ्या पल्सारची टिक खरंच पुढेमागे होताना दिसली! जोडीदाराची एक फेरी तीन कोटी पंधरा लाख सेकंदांची, असं कॉम्प्युटर म्हणाला. म्हणेना का! सापडला ना?

मी आईला फोन केला. इथेच माती खाल्ली.

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर पेढे. नाव ठेवायचा मान आपला म्हणून शनिवार पेठेतून आत्या रिक्षा करून हजर! काकांनी पेढा घेतला आणि चक्क "अभिनंदन" म्हणाले. काका! मला भरूनच आलं.

दुसऱ्या दिवशी गाईड मॅडमना पेढा दिला, आत्या नाव ठेवणार असल्याचं सांगितलं आणि आलेख पुढे केला. त्यांनी पेढा बाजूला ठेवला.

"या सेकंदांचे दिवस केलेस?"

"नाही, मॅडम."

"कर."

केले. "एक... वर्ष होतंय."

"वर्षभरात कोण कोणाभोवती फिरतं?"

"आपण. सूर्याभोवती."

अहो, आपणच फिरतो म्हणून टिक पुढेमागे होते! ते आधी वजा करायचं असतं, पहिल्याच वर्षी शिकवतात. मी साफ विसरलो होतो.

"आत्यांना सांग," मॅडम पेढा उचलत म्हणाल्या, "नाव आधीच ठेवलेलं आहे. पृथ्वी."

संध्याकाळी लिफ्टपाशी काका उभेच. लपवून काय उपयोग? सगळं सांगून टाकलं.

एक मात्र झालं. तो प्रश्न काकांनी कायमचा बंद केला. आता भेटले की पाठीवर हात ठेवून म्हणतात, "शिक बाबा, शिक. अजिबात घाई करू नकोस!"