आसमतीच्या कोंबड्या सांजेला जातात कुठं

कुसुमगुड्याच्या पंचांनी आसमतीच्या घराची वाटणी केली, ती अगदी न्यायाने केली, असं ते आजही छाती पुढे काढून सांगतात. तिचा नवरा धनपती तापाने गेला आणि वर्ष सरायच्या आत धाकटा दीर लैचन वाटणी मागायला सदरेवर जाऊन बसला. पंचांनी वाटलं. मोठं घर लैचनला, कारण त्याला लेकरंबाळं. मागचा गोठा आसमतीला, कारण एकट्या बाईला जागा लागते ती किती! नाचणीचं शेत निम्मं निम्मं, फणसही निम्मा. कोंबड्या मात्र सगळ्या तिच्या. त्यावर लैचनही काही बोलला नाही. पहिली तलंग, कोवळी कोंबडी, तिने माहेराहून टोपलीत घालून आणली होती आणि परजा आदिवासींच्या घरात कोंबड्या बाईच्याच असतात, हे शेंबडं पोरही जाणतं.

आणि खुराडं? खुराड्याचं नावच कुणी काढलं नाही. मोठे शहाणे ना ते! खुराडं होतं मोठ्या घराच्या ओट्याच्या पोटात. आसमतीने नवी नवरी असताना स्वतःच्या हाताने ते पोखरून काढलं होतं, आतून शेणामातीने सारवलं होतं. बसायला आडवी काठी, तळाला राख, तोंडाला फणसाची जाड फळी. मुंगूस येवो नाहीतर उदमांजर, फळीवर नखं घासून आल्या वाटेने परत जायचं. उचलून नेता येईल अशी ती वस्तूच नव्हती. ओटा लैचनचा झाला, तसं खुराडंही त्याचं झालं.

पहिल्याच संध्याकाळी व्हायचं तेच झालं. दिवसभर कोंबड्या गोठ्याच्या दारात आसमतीच्या हातची कणी टिपत होत्या. ऊन कलल्यावर पांढरा कोंबडा मान वर करून निघाला, त्याच्या मागून सगळा कळप, आणि सरळ ओट्याखाली! लैचनची बायको गुरुबारी दारातच उभी होती. तिने वाकून फळी लावली.

"नानी, राहू दे गं आजच्या रात्री," ती गोड आवाजात म्हणाली. तिकडे थोरल्या जावेला नानी म्हणतात. "सकाळी सोडते."

सकाळी तिने सोडल्या, पण अंडी ठेवून घेतली.

आसमती काही हातावर हात धरून बसली नाही. तिने गोठ्यात नवं खुराडं केलं, बांबूचं, जुन्यापेक्षा ऐसपैस. कोंबड्या दिवसच्या दिवस टोपल्यांखाली डालून ठेवल्या, तिथेच दाणापाणी दिलं. नव्या जागेची सवय लावायची तर कोंडूनच लावावी लागते. पण टोपल्या उचलल्या त्या संध्याकाळी कोंबडे महाराज पुन्हा मान वर करून निघाले. आसमती आडवी गेली, तशी दोन तलंगा उडून फणसावर बसल्या. रात्री उदमांजराने त्यातली एक नेली. सकाळी झाडाखाली पिसं पडलेली बघून तिने ठरवलं, आता आडवं जायचं नाही. जीव वाचायचा असेल तर जाऊ देत जुन्या जागी.

गुरुबारीला हेच तर हवं होतं! आधी अंडी गेली, मग पिल्लं तिच्या अंगणात राहू लागली. आणि तिचा जावई पाहुणा आला त्या दिवशी ओट्यामागच्या उकिरड्यावर आसमतीला कबऱ्या कोंबडीची पिसं दिसली. कबरी म्हणजे माहेरच्या तलंगेची शेवटची लेक. आसमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, लाज वाटत नाही? माझी कोंबडी कापून जावयाला घातलीस?"

"तुझी?" गुरुबारीने कमरेवर हात ठेवले. "माझ्या खुराड्यात निजत होती ती. माझ्या खुराड्यात जे येईल ते माझं. पटत नसेल तर जा सदरेवर."

आसमती गेली. वडाखालच्या दगडांवर पंच बसले होते, सलपाच्या झाडाची ताडी भरलेला भोपळ्याचा तुंबा हातोहात फिरत होता. गावप्रमुख बुदू नाईकाने सगळं ऐकून घेतलं आणि मिशा पुसल्या.

"ह्यात भांडण कसलं?" तो म्हणाला. "कोंबडीचा वाद आला की आपली रीत ठरलेली आहे. सांजेला सदरेपाशी सोडायच्या. ज्या दारी जातील त्या घरच्या."

"नाईकबाबा, ती रीत चुकल्या कोंबडीची! कुणाची आहे हे ठाऊक नसेल तेव्हाची! ह्या माझ्या आहेत, तुम्हीच वाटणीत मला दिल्यात. खुराडं त्याला आणि कोंबड्या मला, हे तुम्हीच केलंत. आता त्या तिकडेच जाणार हे आंधळ्यालाही कळतंय, आणि तुम्ही परीक्षा कसली घेताय?"

"रीत ती रीत," दुसरा पंच म्हणाला. "तुझ्यासाठी वेगळी काढायची का?"

"बायकांना कोंबड्यांपुढे काही दिसत नाही," तिसरा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. लैचन तर मांडीवर थाप मारून हसला.

आसमती हसणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. ह्यातल्या निम्म्यांनी तिच्या लग्नात तिच्या हातचं वाढलेलं खाल्लं होतं. धनपतीच्या तेराव्याला तर सगळ्यांनीच.

"बरं," ती म्हणाली. "आजच सोडते. पण नाईकबाबा, चार लोकांत मोठ्याने सांगा. सांजेला जी ज्या दारी परत जाते, ती त्या घरची. असंच ना?"

"असंच."

"पुन्हा सांगा."

नाईक वैतागला, पण त्याने उभं राहून पुन्हा सांगितलं. सगळ्या गावाने ऐकलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं. आसमतीने दोन टोपल्या भरून कोंबड्या सदरेपाशी आणून सोडल्या. बगलेत एक गुंडाळलेली चटई होती आणि हातात पेजेचा तुंबा, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. कोंबड्यांनी जरा माती उकरली. मग पांढऱ्या कोंबड्याने मान वर केली आणि निघाला. त्याच्या मागून सगळा कळप, गल्लीतून, लैचनच्या अंगणातून, ओट्याखाली. एकही इकडे तिकडे गेली नाही.

"झालं!" लैचन ओरडला. "मिटलं!"

"थांब, अजून एक यायचीय," आसमती म्हणाली.

ती कोंबड्यांच्याच वाटेने चालत गेली, ओट्यावर चढली, दाराच्या खांबाशी चटई अंथरली आणि बसली. तुंबा शेजारी ठेवला.

गुरुबारी धावत पुढे आली. "नानी, हे काय? ऊठ! हे आमचं घर आहे!"

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून रोज सांजेला मी ह्याच दारात परत आलेय. शेतातून आले, बाजारातून आले, त्याला पुरून आले तेव्हाही इथेच आले. तुम्ही मला गोठ्यात डालून ठेवलंत, पण आज टोपली उचललीत. आले मी परत." तिने नाईकाकडे बोट केलं. "सांगा ना आता रीत. मघाशी दोनदा सांगितलीत, तिसऱ्यांदा सांगायला जीभ अडते का?"

"अगं... माणसाचं वेगळं असतं," नाईक पुटपुटला.

"वेगळं? माझी कबरी ह्यांच्या घशात घालताना तुमची रीत पक्की होती. आणि मी घरी आले की वेगळं? कोंबडीला दार आहे आणि मला नाही?"

कुणी हसलं नाही. गर्दीतल्या म्हाताऱ्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि अंगणातच खाली बसल्या. लैचनने नाईकाकडे पाहिलं, नाईकाने वडाकडे.

आसमतीने ओट्यावरून खाली वाकून फळी ओढली, नेहमीसारखी घट्ट बसली का ते हाताने चाचपलं.

"मला उठवायचंय ना?" ती म्हणाली. "मग आधी, त्याच रीतीने आलेल्या ह्या कोंबड्यांना उठवून दाखवा."

आत काठीवर कोंबड्या निजायला लागल्या होत्या. फळीला कुणी हात लावला नाही.