ड्युरेबल पलंग

उमरखेडात लोखंडी पलंगांचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, आणि एका इंग्रजी विशेषणाने मला त्याच दुकानात आडवं केलं.

वसतिगृहाच्या मॅडम बारा पलंग घ्यायला आल्या होत्या. (बारा! मी चहा मागवला, तोही पूर्ण कप.) पट्टीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "ड्युरेबल आहेत ना?"

'माहीत नाही' हे शब्द मी गिऱ्हाइकापुढे कधी काढत नाही. म्हटलं, "आहेत ना. पण ड्युरेबलचे पलंगामागं दोनशे जास्त पडतील."

मॅडम हसल्या, चहा संपवला आणि समोरच्या दुकानात शिरल्या. समोरच्याचे पलंग शिंकेनेही हलतात, पण ते जाऊ द्या. (मी जाऊ देत नाही.)

घरी ताट ढकललं आणि झालेलं सांगितलं. दहावीतली लेक म्हणाली, "बाबा, ड्युरेबल म्हंजे लय दिवस टिकणारा. त्याचे कोनी वेगळे पैसे घेते काय?"

"मंग मराठीत विचाराले काय झालतं तिले?"

"मराठीत विचारलं असतं तरी तुमी दोनशे मांगतलेच असते," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना निरोप धाडला: पुरावा दाखवतो, एकदा या. पुरावा म्हणजे आमच्या लग्नातला पलंग, वीस वर्षांपूर्वी मी स्वतः जोडलेला. हमाल पाठवून तो घरून उचलून आणला. बायकोचे तीन फोन आले. "अहो, ऐका तं..." तिन्ही कापले. बायकोचं ऐकत बसलो असतो तर दुकान झालं असतं का?

आमच्या दुकानाची रीत अशी की गिऱ्हाइकासमोर मालक पलंगावर चढून तीन उड्या मारतो. मॅडम आल्या. समोरचा दुकानदारही खुर्ची बाहेर काढून बसला. "वीस वर्षं झाली, मॅडम. याले म्हंते ड्युरेबल," म्हणत मी पहिली उडी मारली. दुसरीची गरज पडली नाही. आधी पलंगाची कंबर गेली, मग माझी.

तेवढ्यात बायको ऑटोतून उतरली. हातातल्या पिशवीत चार विटा.

"कवाची सांगून राह्यली, तो पलंग मधून विटांवर टेकला व्हता. अकरा वर्सं झाली."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमच्या पलंगाले नावं ठेवाची हिंमत कोनाची हाये घरात?"

मॅडमनी एक वीट हातात घेऊन नीट पाहिली. "या मात्र ड्युरेबल दिसतात. कितीला?"

आणि मी, जमिनीवर उताणा, पाठ धरून, भाव सांगितला.