वर येणारा पाईप

कारांगतेंगात कुणी वागिमिनला नावानं हाक मारली, तर समजावं की माणूस परगावचा. गावाचा तो 'कांग', थोरला भाऊ. आणि का नसावा? जावाच्या या किनाऱ्यावर बायका कोस-कोस लांबून घागरी वाहत होत्या, तेव्हा याच बाबानं पहिला बोअर मारून दारात गोड पाणी आणलं. मग गावात बेचाळीस बोअर मारले, रस्त्यापलीकडच्या कापड गिरण्यांसाठी अकरा. जेवण कुणाकडेही असो, पहिलं पान कांगचं.

फुशारकी मारायची तेवढी खोड होती. "माझा पाईप खडकावर बसलेला असतो. हत्ती लावून ओढा, हलायचा नाही."

आता गंमत बघा. दोन-तीन वर्षांनी निरोप यायचा की कांग, पाईप वर आलाय, पाय अडखळतात. हा करवत घेऊन जायचा, वीतभर तुकडा कापायचा, टोपण परत बसवायचा, कॉफी प्यायचा आणि तुकडा काखोटीला मारून घरी. त्या तुकड्यांत त्याची बायको पाइनेम मिरच्या लावायची. पाईप वर का येतो हो, असं तिनं एकदा विचारलंही होतं. खाली पाण्याचा जोर असतो, तो ढकलतो, असं ठोकून दिलं पठ्ठ्यानं. खडकावर बसलेला पाईप म्हणे, आणि वर येतो! बोलणाऱ्याला काही खटकलं नाही, ऐकणाऱ्यांनाही नाही.

तोवर समुद्र अंगणात येऊ लागला होता. लोक म्हणाले, समुद्र चढला. सगळ्यांनी घरात भराव टाकला, दोन वर्षांनी परत टाकला, मग परत. शेवटी वागिमिनला स्वतःच्याच दारातून वाकून आत जावं लागे. चार वर्षांपूर्वी पाइनेम गेली. तिच्या शेजारची जागा त्यानं चार खुंट्या ठोकून स्वतःसाठी राखून ठेवली. त्या जागेशिवाय त्याला आता काहीच नको होतं.

यंदा बोअरचं पाणी खारट झालं. गावप्रमुख पाक दारसोनोंनी ठरवलं की आणखी खोल नवा बोअर मारायचा आणि तो कांगनंच मारायचा. वागिमिन म्हणाला, रमजानच्या आधीचा रुवाह महिना आहे, कबरींची साफसफाई होऊ द्या, दुसऱ्या दिवशी यंत्र लावतो.

सफाईच्या सकाळी सगळं गाव आपेमांच्या, म्हणजे तांदळाच्या गोड घावनांच्या, टोपल्या घेऊन कब्रस्तानात आलं. बायका सारोंग वर खोचून तिथं भरलेल्या समुद्राच्या पाण्यात उतरल्या. पाइनेमच्या कबरीच्या लाकडाचं नुसतं टोक दिसत होतं. खुंट्या तर दिसेचनात. वागिमिन त्या पायानं चाचपत होता, तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यात गेली.

तिथलं बांबूचं बेट खाऱ्या पाण्यानं वाळून आडवं झालं होतं आणि आत त्याचाच जुना बोअर उभा होता. वीस वर्षांपूर्वी, नमाजाआधी हातपाय धुवायला म्हणून मारलेला. पंप बिघडल्यावर तिकडे कुणी फिरकलं नाही, त्यामुळे कापायलाही कुणी बोलावलं नाही. बसवला तेव्हा हा पाईप सिमेंटच्या ओट्यावर जेमतेम वीतभर होता. पाइनेमनं त्यावर पाय ठेवून चपलेचा चिखल खरवडला होता, त्याला लख्ख आठवत होतं. आज पाईप त्याच्या डोक्याला लागत होता. ओट्याच्या सिमेंटचं कडं अजून पाईपला चिकटलेलं होतं, त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

खडक हलत नाही. पाईप हलत नाही. मग हललं काय?

पाक दारसोनो मागून आले. "कांग, आलाच आहात तर एवढा कापून टाका. बरं नाही दिसत."

"नको." वागिमिन म्हणाला. "पाईप वर आलेलाच नाही, पाक. आपण खाली गेलोय. हे कडं बघा, इथं जमीन होती. समुद्र चढला असेल थोडाफार, बाकीचं मी केलंय. खालचं पाणी उपसलं की वरची माती बसत जाते. बेचाळीस गावात, अकरा गिरण्यांना. आणि वर वीस वर्षं पाईप कापत हिंडलो मी, गाढवासारखा."

कुणीतरी हसलं. कांगला ऊन लागलं असावं, असंही एक जण पुटपुटला. पण पाइनेमची धाकटी बहीण सारिन्तेन पाणी तुडवत पुढं आली. तिनं हात उंच करून त्या कड्याला लावला आणि तसाच ठेवून बहिणीच्या कबरीकडे पाहिलं. मग मात्र कुणी हसलं नाही.

पाक दारसोनोंनी विचारलं, मग उद्या यंत्र? वागिमिननं मान हलवली. या हातांनी आता बोअर होणार नाही, म्हणाला.

सारिन्तेननं हात खाली घेतला. "तेही खरंच, कांग," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी पोरांना प्यायला काय देऊ, ते तेवढं सांग."

गावाला पाणी पाजणारा माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता.