कुत्र्यासकट भाड्याने

मालवणात आम्ही एकोणीस वर्षं एकाच घरात भाड्याने राहिलो. मग मालकाला साक्षात्कार झाला की भाडेकरूपेक्षा पर्यटक बरा. दोन महिन्यांत घर रिकामं करा, म्हणाला. तोंडावर मात्र 'काका, काका' चालूच.

माझ्या पेन्शनीत बसेल अशी जागा मिळत होती. कुत्र्यासकट मिळत नव्हती. तांबूस रंगाचा, गावठी, आठ वर्षांचा. बायकोने धामापूरच्या देवळाच्या पायरीवरून पदरात घालून आणलेला. रोज पेज आणि बांगड्याचं डोकं खायचा, अंगणात झोपायचा.

पहिला घरमालक निवृत्त मास्तर. म्हणाला, "कुत्रो चलाचो नाय. आमच्या घरात देवाची वस्ती आसा."

त्याच्या पायरीवर तीन कुत्रे पसरले होते. मी बोट दाखवलं.

"ते खंय आमचे? ते गावचे."

दुसरी एक बाई. तिच्या स्वयंपाकघरातून सुरमई तळल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. तिने विचारलं, "सोमवारी कुत्रो शिवराक खाता मां?" म्हणजे शाकाहारी. मी लाचारपणे म्हटलं, सोमवारी भात-ताक घालीन. ती खूश झाली आणि मग म्हणाली, "तरी नको. केस पडतत." वेळ जात नव्हता, म्हणून विचारलं असावं.

अशी नऊ घरं पाहिली. बायको म्हणायची, "तेका सोडून मी खंय जावचंय नाय." शेवटी एक दोन खोल्यांचा ब्लॉक मिळाला, पहिल्या मजल्यावर. त्या मालकाची एकच अट होती, आणि ती कोणती ते सांगायला नको. मी बायकोला न विचारता हो म्हणून आलो. नऊ घरमालकांना इतकी वर्षं शिव्या घातल्या. त्यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात बायको डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे मुंबईला निघाली. मी तिला स्टँडवर सोडून परत आलो आणि ओळखीच्या टेम्पोत कुत्र्याला घेऊन खाडीपलीकडे आरोंद्याच्या जेटीवर गेलो. आमच्याकडे नको असलेलं जनावर पाण्यापलीकडे नेऊन सोडतात. मधे खाडी आली की त्याला वाट सापडत नाही, म्हणे. आणि जेटीवर सोडलं की लोक वर म्हणतात, मासळी खाऊन सुखात राहील. मीही तेच म्हणत होतो. टेम्पोतून उतरताना त्याचा पट्टा काढून खिशात घातला.

जेटीवर एक माणूस जाळं साफ करत होता. "काका, ह्यो तुमचो?"

"नाय. वाटेर गावलो."

त्याने कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. पट्ट्याखालचे केस झडून गोल वळ पडला होता. "वाटेर गावलो," तो हसला. "जावा तुम्ही. मी बघतंय तेका." माझ्याकडे परत पाहिलंसुद्धा नाही. कुत्रा टेम्पोमागे धावला नाही. मी लगेच परत येईन, अशा भरवशाने तो तिथेच बसून राहिला.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. मी सांगितलं, कुत्रा पळाला. "निघताना तुझ्याकडून फाटक उघडं राहिलं असेल."

याला सहा वर्षं झाली. आता ती झोपण्यापूर्वी तीनदा कडी तपासते. बाहेर पडलो की अर्ध्या जिन्यातून परत जाते. मी वर तोंड करून वैतागतोही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं जुन्या घरावरून गेलो. तिथे आता पाटी आहे : 'पाळीव प्राण्यांचे स्वागत'. भाडं एका रात्रीचं, आणि कुत्र्याचं वेगळं. आमच्याच अंगणात पुण्याकडच्या कुणाचा तरी गुबगुबीत, सोनेरी कुत्रा लोळत होता. मालक त्याला बिस्किट भरवत होता. मला हसू येणार होतं, तेवढ्यात बायको फाटकापाशी थांबली आणि आतल्या पाहुण्या मुलीला म्हणाली, "बाय, फाटक लावून घे हां. माझ्याकडसून एकदा उघडा रवला."

मालक तिथेच होता, मीही तिथेच होतो. मी चपलेतली वाळू झटकत राहिलो.

तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून हे लिहिलेलं तिला मीच वाचून दाखवणार आहे, पट्टा समोर ठेवून. मुंबईला निघाली त्या दिवशी फाटक तिने लावलं होतं. कडी घातल्यावर दोनदा ओढूनही पाहिली होती. मी बॅग धरून शेजारी उभा होतो.