चार बोटं पाणी

तिसऱ्या केमोनंतर बायकोला साधं पाणीही कडू लागायला लागलं. ओठ ओले केल्यासारखं करून ती पेला बाजूला सरकवायची. दोन दिवसांत पाणी पोटात गेलं नाही तर सलाइनसाठी पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला आता इस्पितळ नको होतं. मी समजावलं, रागावलो, एकदा पेलाही आपटला. त्याची अजून लाज वाटते.

त्या दुपारी तिने स्वतःहून पाणी मागितलं, पण आमच्या कोथरूडचं नव्हे. बुधवार पेठेजवळ तिच्या माहेरच्या गल्लीत एक मशीद आहे. लहानपणी ताप आला की शेजारच्या चाची तिला पेल्यासकट मशिदीच्या दारात नेऊन उभं करायच्या. संध्याकाळची नमाज आटोपून बाहेर पडणारे लोक काहीतरी पुटपुटत पाण्यावर फुंकर घालायचे. त्यात बरकत असते, असं चाची सांगायच्या. मी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. फुंकरीत काय असतं ते मला विचार, एवढं म्हणालो आणि उकळून गार केलेलं पाणी बाटलीत भरून स्कूटर काढली.

दारात सात-आठ बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या कपाळावर टिकली होती. मीही टोकाला बाटली पुढे धरून उभा राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. नमाजी येत, वाकून फुंकर घालत आणि चपला शोधायला लागत. कुणी काही विचारलं नाही. शेवटी एक म्हातारे गृहस्थ थांबले.

"साहेब, झाकण तरी काढा," ते हळूच म्हणाले.

मी झाकण काढलं. त्यांनी चपला घालत असलेल्या तिघाचौघांना हाक मारून परत बोलावलं आणि पुन्हा फुंकर घालायला लावली. कुणासाठी आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी 'बायकोसाठी' म्हणालो. मग त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काहीतरी म्हणत राहिले.

घरी आल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. संसर्गाला जपा, असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं आणि मी एवढ्या माणसांचा श्वास घेऊन आलो होतो. गुपचूप ते पाणी पुन्हा उकळलं. गार होईपर्यंत ओट्याशी चोरासारखा उभा होतो. पण तिच्या हातात पेला देताना खोटं बोलवेना.

ती कितीतरी दिवसांनी हसली. "उकळून जंतू मरतात हो. बरकत नाही मरत."

तिने घोट घोट करत पेला रिकामा केला. मी जमिनीवर बसून तिचा गळा हलताना बघत होतो. तासाभराने दुसरा पेला मागितला. बाटलीत चार बोटं पाणी उरलं तेव्हा म्हणाली, ते संपवू नका, त्यातच साधं पाणी भरा, चाची तसंच करायच्या. विरलीकरणाचा धडा मी जन्मभर शिकवला होता. तरी बाटली भरली.

भरती टळली. आता तिला चव कळते आणि माझ्या आमटीला रोज नावं ठेवते. तरी मी रोज सकाळी चार बोटं ठेवून बाटली भरतो. परवा तिने विचारलं, बसला का विश्वास? मी नाही म्हणालो.

"मग भरता कशाला?"

"संपू द्यायची छाती होत नाही."