सगळ्यांसाठी एकच पुस्तक

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा अंबडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये गाण्याची तालीम चालली होती. मामांचं पुस्तक समोर उघडं होतं... पान उलटायला ते नव्हते, म्हणून आम्ही एकाच पानावर घोटाळत होतो.

दानियलमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ, शाळेत चित्रकलेचे मास्तर. गळा असा बेसूर, की त्यांनी सूर लावला की पेटीवाला हात आखडता घ्यायचा. एकदा पुण्याला ओळखीच्या फादरांकडे त्यांनी भिंतीवर फ्रेममध्ये एक जुनं पान पाहिलं. कातड्यावर हातानं लिहिलेलं, शेकडो वर्षांपूर्वीचं लॅटिन स्तोत्र. चार तांबड्या रेघांवर काळे चौकोनी स्वर, सुरुवातीला निळ्या-सोनेरी वेलबुट्टीचं थोरलं अक्षर. मठातले सगळे एकाच पुस्तकापुढे उभे राहून गायचे, म्हणून अक्षरं एवढी मोठी, असं फादरांनी सांगितलं. मामा घरी आले ते चिडूनच, मला म्हणाले, "चांगलं पुस्तक फाडून टांगलं गं भिंतीला! गाणं मधीच तोडलं. पुढचं पान कुठं गेलं आसंल?"

मग त्यांनी स्वतःच तसं पुस्तक करायला घेतलं. मामीचा ओटा रंगाच्या वाट्यांनी भरला. मागच्या रांगेतूनही दिसतील अशी अक्षरं, कडेनं कापसाची बोंडं, मोसंबीच्या फांद्या. एका पानावर तोंड वासलेली शेळी काढून मला म्हणाले, "ही तू." पुस्तक पुरं व्हायला वर्षं गेली. ते चर्चमध्ये लाकडी घोडीवर, सगळ्यांना दिसेल असं उघडं, चढलं तेव्हा न गाणाऱ्या मामांना काम मिळालं, पान उलटायचं. अंगठा ओला करायचे आणि नेहमी अर्धी मात्रा आधीच उलटायचे. आम्ही चिडायचो, ते हसायचे.

ते गेल्यावर तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "पानं सोडवून फ्रेम करू. हाताळून जल्दी खराब व्हतील. मास्तरांची आठवण बराबर जपली पाह्यजे." त्यांचं मन चांगलंच होतं, पण माझं डोकं फिरलं.

"न्हाई. बिलकुल न्हाई. फाटलं तर चिकटवू, झिजलं तर नवं लिहू. पण एक पान सुटू देणार न्हाई."

कुणी काही बोलायच्या आत मी पुस्तक घोडीवर ठेवलं. पेटी सुरू झाली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर मामांच्या अंगठ्याचा तपकिरी डाग आहे. ओळ संपत आली तसा मी त्यावर अंगठा ठेवला. डोळे भरून आले होते, मात्रा मोजायचं भान राहिलं नाही... पान उलटलं.

मागच्या बाकावरून मामी म्हणाली, "बराबर त्यांच्यावाणी. घाईनंच!"

आम्ही पुढचं पान गायला लागलो.